गोदावरीबाईची जीभ

साकोलीच्या बसस्टँडवर तिकिटाच्या रांगेत घनश्याम डोळा चोळत उभा होता. सकाळी धान चुरताना डोळ्यात कुसळ गेलं होतं. पुढं सानगडीच्या दोघी बायका बोलत होत्या. तरणीच्या कडेवर पाचेक वर्षांची पोर होती.

"गोदावरीबाई, घरीच जाऊ ना. पोरीचा डोळा लाल झाला म्हंजे कुसळच असन. आणखी एकदा जीभ फिरवून पाहा."

"तीनदा फिरवली, काई नाई निघालं, कौशल्या. गावाच्या डोळ्यातलं कुसळ मी जिभेनं काढतो. माही जीभ रिकामी येत नाई."

"पण डाक्टर नागपूरले रगत तपासा म्हणते. डोळ्याले रगताचं काय?"

"त्यानं बॅटरी मारून पाहिलं. आत रगत उतरलं म्हणते. म्हणूनच तिले धुपट, धुरातून पाहिल्यावानी दिसते. अन् पायावरचे निळे डाग? पोरीले मारलं म्हणून तू शेजारणीशी भांडली. तिले कोणी मारलंच नाई, ते बी रगताचंच."

"मले भेव वाटते."

"म्हणून तं मी संगं आली."

कौशल्या तरी रांगेतून निघाली. गोदावरीबाई मागं वळली.

"भाऊ, डोळा चोळू नका. खाली वाका."

घनश्याम वाकला. पापणी उलटली, जीभ फिरली आणि डोळा मोकळा झाला. गोदावरीबाईनं कुसळ तळहातावर घेतलं.

"पाह्य कौशल्या. कुसळ असलं तं निघते."

कौशल्यानं तळहात पाहिला, मग पोरीचा डोळा. ती रांगेत परत आली आणि खिडकीशी वाकली.

"नागपूर. दोन पूर्ण, एक अर्धं."