जाळीपलीकडची

(मागचं अंगण, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. मधली तारेची जाळी उपटून भिंतीला टेकवलेली. भरदुपार.)

सासू : नीट धर पिल्लाला. पंख दाबू नकोस, नुसतं ओंजळीत धर. आणि हे थरथरतंय कोण, तू का ते?

सून : दोघंही.

सासू : औषध दे इकडे. ते नाही, जांभळं दे. जखम लाल दिसली की परत टोचायला येतात मेल्या. एकीनं सुरुवात केली की बाकीच्या काय मागे राहतात होय? डोळा वाचलाय, नशीब. आता सांग, जाळी कोणी काढली?

सून : मी.

सासू : मला वाटलं कुत्र्यानं पाडली.

सून : मी काढली. खिळे उपटून काढली.

सासू : अगं पण का? इतके दिवस मी घसा फोडून काय सांगत होते? नुसतं बघू देत एकमेकांना. मोठ्या कोंबड्या जाळीशी येतील, फुगतील, चोची आपटतील, मग कंटाळतील. कंटाळल्या की झालं. पिल्लं अजून अंगानं निम्मीसुद्धा भरलेली नाहीत. वर दाण्याचं भांडं एकच, तेही मुकादमिणीच्या पुढ्यात. ती तांबडी साऱ्या खुराड्यावर हुकूम गाजवते, तिच्या भांड्यात तोंड घातल्यावर ती काय पापी घेणार होती ह्यांची?

सून : मला बघवेना.

सासू : काय बघवेना?

सून : सकाळ झाली की ही सगळी जाळीपाशी येऊन उभी राहतात. पलीकडे त्या मोठ्या मातीत लोळताहेत, चरताहेत, आणि ही इकडून माना उंच करून बघताहेत. मी म्हणते, आई, सोडायची का? तुम्ही म्हणता, अजून नाही. चार दिवसांनी विचारलं तरी अजून नाही. ह्या घरात दुसरा शब्दच नाही का हो?

सासू : आवाज खाली घे. पिल्लू दचकतंय.

सून : पिल्लू दचकलेलं बरं दिसतं तुम्हाला.

सासू : म्हणजे काय? टोमणा मारू नकोस, सरळ बोल.

सून : सरळच बोलते. बाजारातून आणलेली पिल्लं ही. त्यांच्यासाठी कोमट पाणी, बारीक दळलेले दाणे, गारठा लागू नये म्हणून खोक्याला पोतं. आणि माझी पोर दीड वर्ष मामाकडे पडून आहे. ह्यांना निदान जाळीपलीकडे तरी जागा आहे. तिला ह्या घरात तेवढीसुद्धा नाही.

सासू : थांब. जागा नाही असं कोण म्हणालं?

सून : तुम्ही.

सासू : मी? कधी?

सून : तोंडावर नाही म्हणालात, तेवढ्या सभ्य आहात. मुलाकरवी म्हणालात. लग्न ठरलं तेव्हा ह्याच पायरीवर बसून म्हणाला होतात, पोरीला घेऊन ये, घरात जरा आवाज होऊ दे. त्या एका वाक्यावर मी होकार दिला. नाहीतर दुसऱ्यांदा संसार मांडायची हौस नव्हती मला. आणि महिनाभरात तुमचा गुडघा आडवा आला.

सासू : माझा गुडघा?

सून : ऑपरेशन करायचंय, लहान पोरीमागे धावणं झेपणार नाही, जरा बरं वाटू दे, मग बघू.

सासू : अगं, ह्याच गुडघ्यानं मी परवा टाकी धुवायला गच्चीवर चढले होते.

सून : बघितलं ना मी. खाली उभी राहून बघत होते आणि आतल्या आत जळत होते. टाकीसाठी गुडघा चालतो, माझ्या मुलीसाठी नाही.

सासू : आणि एवढं जळूनसुद्धा मला एका शब्दानं विचारलं नाहीस?

सून : कोणत्या तोंडानं विचारणार? एक घर सोडून दुसऱ्यात आलेली बाई मी. जरा काही बोललं की लोक म्हणणार, हिचं कुठेच पटत नाही. शिवाय ह्यांनी बजावलं होतं, आईपाशी विषय काढू नकोस, तिचं बीपी वाढतं.

सासू : बीपीसुद्धा दिलं का मला. आणखी काय काय दुखणी दिलीत, तेही सांगून टाक. म्हणजे एकदमच झोपते अंथरूण धरून.

सून : चेष्टा करू नका आई.

सासू : चेष्टा कोण करतंय? अंगाची लाही लाही होतेय माझ्या. आता मला काय सांगण्यात आलं ते ऐक. पोरगी मामाकडे रुळली आहे, हीच म्हणते तिला मध्येच शाळेतून काढायचं नाही. ही म्हणजे तू. वर्ष संपलं तसं मी परत विचारलं. तर म्हणाला, आई, तू तिच्यापाशी विषय काढू नकोस, ती रडते. मी गप्प बसले. पण मनात म्हटलं, पोटची पोर दूर ठेवून ही बाई दोन वेळा नीट जेवते, हिचं काळीज आहे का धोंडा? दीड वर्ष मी तुला धोंडा समजत होते. तोंडावर सांगते.

सून : मी असं कधी म्हणाले नाही. शाळेचं मी एकदाही म्हणाले नाही.

सासू : कळलं ते आता.

सून : रोज फोन करते ना मी तिला. दिवसभरातलं सगळं सांगून झालं की ठेवताना विचारते, आई, मला कधी नेणार? रोज. आज तिनं विचारलंच नाही. मी वाट बघत राहिले. मामी बोलावते म्हणाली आणि ठेवून दिला. मग मी इथे आले आणि जाळीला हात घातला.

सासू : दे ते पिल्लू. जगेल हे. खोक्यात एकटं ठेवू नको हं, दुसरं एक ठेव सोबतीला, नाहीतर परत ह्यालाच ओळखायची नाहीत बाकीची पिल्लं. आणि डोळे पूस. स्कूटर वाजली तुझ्या नवऱ्याची.

मुलगा : काय गं, दोघी इथे उन्हात? पटकन वाढता का, एका ठिकाणचं वायरिंग अर्धं टाकून आलोय. अरे, ही जाळी कोणी काढली?

सासू : जाळीचं राहू दे. माझा गुडघा कसा आहे, ते विचार.

मुलगा : गुडघा? काय झालं गुडघ्याला?

सासू : तेच मी विचारतेय. ऑपरेशन होतं ना माझं? आणि बीपी. डॉक्टर कोण माझा, तू का?

मुलगा : म्हणजे... तसं नाही आई. तू आधी आत चल, आपण बोलू.

सून : आत नाही. इथेच बोला. मला सांगितलंत आई नको म्हणतात, आईंना सांगितलंत मी नको म्हणते. खरं कोण नको म्हणत होतं?

मुलगा : तसं कोणी नाही म्हणत नव्हतं. म्हणजे मला वाटलं, दोघींनाही वाईट वाटू नये...

सासू : बघ बरं मग, किती खूश आहोत दोघी.

सून : नाव सांगा. कोण नको म्हणत होतं?

मुलगा : मी.

सून : हं.

मुलगा : नको असं नाही. लग्न झाल्यावर मी गेलो होतो तिच्या मामाकडे. तुला न सांगता. रंगपेटी घेतली होती तिच्यासाठी, चांगली मोठी. तिनं उघडलीसुद्धा नाही. म्हणाली, काका, हे तुम्ही ठेवा आणि आईला परत आणून सोडा.

सून : हे मला आज सांगताय?

मुलगा : काय सांगणार होतो? जिन्यात उभा होतो नुसता पेटी धरून. म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत. मग थोड्याचे आणखी थोडे झाले.

सून : आठ वर्षांच्या पोरीला घाबरलात.

मुलगा : घाबरलो. खोटं कशाला सांगू?

सून : आता कशाला सांगू म्हणता? दीड वर्ष दुसरं केलंत काय? ती तिथे झोपताना रडायची ते वहिनी सांगायची मला. मी इथे तुमचे डबे भरत होते आणि तुमच्या आईला मनात शिव्या घालत होते. रोज. त्या बिचाऱ्या मला धोंडा म्हणत होत्या. आणि तुम्ही मधे बसून निवांत जेवत होतात.

मुलगा : निवांत नव्हतो गं.

सासू : गप बस. माझ्या पोटी जन्मून माझ्याच तोंडात शब्द घातलेस. आम्हा दोघींना एकमेकींच्या अंगावर सोडलंस आणि बाजूला उभा राहिलास. तुझा बाप बरा, चिडला की ताट भिरकावायचा, पण काय ते कळायचं तरी.

मुलगा : चुकलो. उद्याच जाऊन आणतो तिला.

सून : तुम्ही नाही. मी जाते, आत्ता. चारची गाडी मिळते.

मुलगा : मी सोडतो ना स्टँडवर.

सून : नको. तुम्ही ती मधली खोली रिकामी करा. वायरची भेंडोळी, पाइप, ती मोडकी शिडी, सगळं बाहेर काढा. तिच्यासाठी ठेवलेल्या खोलीत रोज काहीतरी आणून टाकत होतात. माझ्याच डोळ्यांदेखत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मुलगा : आणि ती यायला नाही म्हणाली तर?

सून : तर मी तिथेच राहीन. ती हो म्हणेपर्यंत. तोवर तुम्ही आपल्या हातानं खा.

मुलगा : आई, तू तरी सांग हिला.

सासू : सांगते. जा गं. हवे तेवढे दिवस राहा. ह्याचा फोन आला तर उचलू नकोस, माझा आला तर उचल. आणि तू उभा काय राहिलास? शिडी आधी काढ, ती दारातच आडवी आहे.

मुलगा : जेवण?

सासू : खोली झाल्यावर.

सून : निघते मी, आई. पिल्लाला संध्याकाळी परत औषध लावा.

सासू : लावते. जरा थांब, एवढं सांगून जा. मी खोली लावायला घेते. झोपताना तिला दिवा लागतो, का अंधार चालतो?

सून : लागायचा. आता नाही माहीत मला.