किटलीतला थर

…नको, ताई, ती किटली सोडून बाकी काय ते घासा. व्हिनेगर? अहो, व्हिनेगर घातलंत तर फसफसून सगळं वाहून जाईल! लेकीनं तुम्हाला घर आवरायला धाडलंय, ठीक आहे — पण आतला तो पांढरा थर म्हणजे घाण नाही. खडकच आहे तो. हसू नका, जन्मभर हेच केलं मी — चुनखडीच्या भेगेत अशीच पांढरी रेघ असते, पाणी कधीचंच गेलेलं, कोट्यवधी वर्षं झालेली, पण जाताना कणभर काहीबाही मागे ठेवतं — मँगनीज, स्ट्रॉन्शियम — ते मोजायचं आणि सांगायचं, हे समुद्राचं, हे पावसाचं, हे खोलातून तापून वर आलेलं. लोक यायचे विचारायला! आता कोण येतंय? बसा ना जरा. भांडी कुठं पळून जात नाहीत.

तर आमची ही — गेल्या वर्षी गेली ती — रोज संध्याकाळी कॅन घेऊन टेकडीमागच्या झऱ्यावर जायची. चहाला झऱ्याचंच पाणी हवं, असा हट्ट. चांगला तास-दीड तास जायचा. मी? मी घरीच, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. ती आली की याच किटलीत चहा — आणि पहिल्या घोटाला मी म्हणायचो, वा, नळाच्या पाण्याला ही चव नाही! ती हसायची आणि आत जायची.

आता मी नळाचंच पितो. म्हटलं, थरात तिचं पाणी कुठं संपतं ते तरी बघू. कपची काढली, जुन्या प्रयोगशाळेत नेली, हातापाया पडून तपासून घेतली. झऱ्याच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम भरपूर, नळाच्या पाण्यात नावाला. आणि निघालं काय? वरपासून खालपर्यंत नळ. पुन्हा तपासली — नळच! झऱ्याचा थेंब नाही हो त्यात.

मग जायची कुठं ती? छे, छे, भलतंसलतं मनात आणू नका. बसत असेल नुसती कुठंतरी. घरात मी होतो ना — म्हणून. आणि येताना खाली जिन्यापाशी नळावर कॅन भरून आणत असेल. मी एकदा तरी म्हणायचं, थांब, मीही येतो… फार एकटं वाटतं हो या घरात. तिलाही वाटत असणार. मी इथंच बसलेलो असताना.

काय? मग काढायचा का थर? काढा — नाही, थांबा, द्या ती इकडे. राहू दे सगळं. तुम्ही निघा आता, तुमची कुणी वाट बघत असेल.