पाणदादांच्या अठरा खुंट्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे नगरपालिकेचे आजी-माजी अधिकारी, समोर दाटीवाटीने बसलेले माझे सहकारी, पहिल्या रांगेतल्या आमच्या वहिनी, आणि गळ्यातला हार कधी काढायला मिळतो याची वाट बघत बसलेले आजचे सत्कारमूर्ती, आमचे पाणदादा,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मोजणी खात्यातली बाई आहे, वेळही मोजूनच घेईन.

दादांनी छत्तीस वर्षं मोजणीची साखळी धरली. पण त्यांना पाणदादा का म्हणतात, हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. ओलसर जमीन मोजायची असली की दादा बूट काढून हातात घ्यायचे आणि अनवाणी चालायचे. टाचेला जिथे जरासा गारवा लागला, तिथे खुंटी. वरून कोरड्या दिसणाऱ्या मातीखाली पाणी कुठवर आहे, ते त्यांच्या टाचेला कळायचं. आम्ही चिडवायचो, “दादा, बूट कुणाच्या लग्नासाठी जपून ठेवताय?”

बारा वर्षांपूर्वी नगरपालिकेने तळ्याकडची आपली जमीन विभागायचं ठरवलं. कोरड्या भागाचे भूखंड पाडून विकायचे, पाणथळ भाग कायमचा राखायचा. ठराव चांगलाच होता. दोन्हींमधली रेषा तेवढी आम्ही आखायची होती. अशी रेषा पाणी भरलेलं असताना आखतात. पण विक्रीची तारीख आधीच जाहीर होऊन बसली होती, म्हणून आम्ही गेलो ऐन उन्हाळ्यात.

दादांनी अठरा खुंट्या ठोकल्या. पाण्यापासून चांगली ऐंशी पावलं अलीकडे, ठणठणीत कोरड्या मातीत. मी तेव्हा नवी होते, हातात नवं यंत्र होतं, आणि खरं सांगू? शहाणपणही नवंच होतं. मी म्हणाले, “दादा, पाणी तिकडे आहे हो!”

ते म्हणाले, “मॅडम, पाणी रजेवर गेलंय. बदली होऊन नाही गेलेलं.”

सगळे हसले. मीही हसले. आणि त्या अठराच्या अठरा खुंट्या मी माझ्या हाताने उपटून पाण्याच्या काठाशी ठोकल्या. नकाशावर दादांनी सही केली, कारण मी ‘करा’ म्हणाले.

अध्यक्ष महोदय, आपली चिठ्ठी मिळाली. दोनच मिनिटं द्या.

त्या ऐंशी पावलांच्या पट्ट्यात भूखंड पडले, विकले गेले, त्यावर भराव आला. तळ्याला पाणी त्याच पट्ट्यातून झिरपत जायचं, हे आम्हाला मागाहून कळलं. चार वर्षांत राखलेला भाग आटला. ‘संरक्षित पाणथळ’ ही पाटी आजही तिथे आहे, दरवर्षी आपण तिला रंगही देतो. पाटीच्या मागे नुसत्या भेगा आहेत. मग चौकशी बसली. खुंट्या कुणी ठोकल्या? साखळीवाल्याने. ठपका दादांच्या सेवापुस्तकात गेला. मी त्या खोलीत होते आणि गप्प बसले. वहिनी, त्याच आठवड्यात मी तुमच्याकडे आले होते, आठवतं? सांगायलाच आले होते. तुम्ही चहा दिलात, तो पिऊन परत गेले.

गेल्या महिन्यात मी दादांना तिथे नेलं. म्हटलं, निवृत्तीआधी एकदा चालून दाखवा, खरी रेषा कागदावर तरी येऊ दे. त्यांनी बूट काढले. पाटीपासून भरावापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग मटकन खाली बसले. “मॅडम, पाय काही सांगत नाहीत. पाय म्हातारे झाले की जमीन मेली, तेही कळेना.” इतक्या वर्षांत मी दादांना रडताना पाहिलं नव्हतं.

दादा, तुमच्या पायांना काही झालेलं नाही. जमीन मी मारली. तो ठपका तुमच्या पुस्तकातून काढून माझ्या पुस्तकात लिहावा, असं आज सकाळी मी लेखी दिलं आहे. त्याने पाणी परत येणार नाही, मला माहीत आहे. तुमचं नाव तेवढं स्वच्छ घेऊन घरी जा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या खुंट्यांचं मात्र घालू नका. ते दादांनी आठ वर्षं घातलं आहे.