टॉवेलावर बसवलेली आई

व्हिएन्नाच्या धक्क्यावर पर्यटकांच्या बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. आपल्या बोटीवर जायचं तर शेजारच्या बोटीच्या पोटातून जावं लागतं. दुपारी शहर बघून परतताना त्या रांगेत माझ्यापुढे जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गचं एक वयस्क जोडपं होतं.

"गिझबर्ट, वरच्या डेकवर खुर्ची धरलीस ना?"

"सकाळीच टॉवेल टाकून आलोय."

"आणि कालच्यासारखा कुणी उचलून फेकला तर?"

"म्हणून तर टॉवेलावर तुझ्या आईला बसवलंय. तिला कोण उचलतंय!"

"मग ती दिसत कशी नाही? वरच्या हिरव्या खुर्च्या तर सगळ्या रिकाम्या आहेत."

"हिरव्या? मी तर निळी धरली."

"आपल्या बोटीवर निळ्या खुर्च्या नाहीतच! तू किती बोटी ओलांडल्यास रे?"

"एक."

"गिझबर्ट!"

"बरं, दोन असतील. धक्क्यावरून परत आणताना तुझी आई सारखी बोलत होती, मोजू कसा?"

"ती बघ, पलीकडची बोट निघाली! कुठे चाललीये ती?"

"बुडापेस्टला."

"आणि आपण?"

"उलट दिशेला. पासाऊला."

"अरे देवा, माझी आई!"

"माझा नवा टॉवेल!"

"आई! अगं आई, ऊठ तिथून!"

निघालेल्या बोटीच्या डेकवर, निळ्या खुर्चीत, मांडीवर केकची बशी घेतलेल्या म्हातारीने मान वळवली.

"मुळीच उठणार नाही! आत्ताच एका डच माणसाला हाकललंय! बोट हलू दे नाहीतर बुडू दे, तुम्ही येईपर्यंत मी खुर्ची सोडायची नाही!"