मोकळ्या गोलातला गोलकीपर

नाव चंद्रभान सटवाजी रेंगे, वय ३४ वर्षे, धंदा जिनिंग कारखान्यात फिटर व कारखान्याच्या फुटबॉल संघाचा कप्तान, राहणार स्टेशन रोड, परभणी.

विचारल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, काल रविवार दिनांक २८ ऑक्टोबर १९५६ रोजी मैदानावर आमचा गोलकीपर मुंजाजी ढगे, वय अंदाजे ४५, याच्या खांद्याचे हाड मोडले. तो सरकारी दवाखान्यात आहे. दवाखान्यातून खबर आल्यावरून मला बोलावले, म्हणून हा जबाब देत आहे.

आमचा संघ मूळचा जागीरदारांचा. ४८ साली पोलीस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य गेल्यावर जागीरदार गेले आणि निम्मे खेळाडूही गेले. कोण कुठे गेले ते मला सांगता येणार नाही. दोघांचे तर विचारूही नये. पुढे कारखान्याने संघ घेतला. आम्ही कोणी फिटर, कोणी ऑइलमन म्हणून लागलो, पण लागलो ते खेळासाठी, हे सगळ्या गावाला माहीत आहे. जागीरदारांच्या वेळचा मुंजाजी एकटाच उरला होता. मला बुटाची नाडी बांधायला त्यानेच शिकवले.

लीगमध्ये आम्ही दुसरे होतो, पहिल्या संघापेक्षा एका गुणाने मागे. कालचा सामना शेवटचा होता. जिंकलो असतो तर दोन गुण मिळून पहिले आलो असतो. सामना बीदरच्या संघाशी होता. येत्या गुरुवारी हैदराबाद राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्यात जाणार आणि बीदर म्हैसूर राज्यात, म्हणजे लीग मोडणार. बीदरवाले आलेच नाहीत. मोडणाऱ्या लीगसाठी एवढा प्रवास कोण करतो? मी असतो तर मीही आलो नसतो.

मॅनेजर व्यंकटराव साहेबांनी सकाळीच सांगितले होते की, एक तारखेपासून संघ बंद, आणि मुंजाजीला गेटवर राखणीला बसवू. तरी मुंजाजी गुडघ्याला पट्टी बांधून मैदानावर आला.

समोरचा संघ न आल्यास आमच्या लीगची रीत अशी आहे की, हजर संघाने मैदानात उतरायचे, रेफ्रीने शिट्टी द्यायची आणि कप्तानाने समोरच्या मोकळ्या गोलात बॉल मारायचा. गोल झाला की दोन गुण. त्याप्रमाणे मी बॉल ठेवून वर पाहिले, तर त्या गोलात मुंजाजी उभा होता.

मी म्हणालो, "मुंजाजीभाऊ, तिकडं काय करायलाव? तुमचा गोल इकडं हाय."

तो म्हणाला, "माझ्या गोलावर आज कोण येणार हाय? मार तू. एक तरी बॉल येऊ दे."

रेफ्री हसले. मी हळू मारला. त्याने तो पायाने परत पाठवला आणि चिडला. "लेकरू खेळवायलास का? मारायचा तर मार, न्हाई तर घरी जा."

मग मी मारला, डाव्या कोपऱ्यात, वरच्या अंगाने. त्या वयाच्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. त्याचा पोचला. बॉल धरून तो गोलखांबावर आदळला आणि खाली पडला. टांग्यात घातला तेव्हाही बॉल त्याच्या चांगल्या हाताखाली होता. आम्ही काढून घेतला नाही.

रेफ्री म्हणाले, दुसरा बॉल घ्या, आता गोल मोकळा आहे, मारा, नाहीतर गुण देता येणार नाहीत. मी मारला नाही. बाकीच्यांपैकीही कोणी पुढे झाले नाही. आम्ही दुसरेच राहिलो.

आज मॅनेजर साहेबांचा निरोप आला की, बॉल हळू होता व मुंजाजी स्वतः पाय घसरून पडला, असे सांग. येथे जमादार साहेबांनीही समजावले की, जोरात मारला म्हटले तर गुन्हा माझ्यावर येईल, नोकरीही जाईल. त्यांच्या मनात माझे वाईट नाही. मला मुलेबाळे आहेत. शिवाय मी फार थकलो आहे. हळू म्हटले असते तर एव्हाना घरी जाऊन पडलो असतो.

परंतु सकाळी मी दवाखान्यात गेलो होतो. मुंजाजीची बायको दगडाबाई म्हणाली, "रातभर एकच इचारायलेत. चंद्रभाननं खरंच मारला, का मला बरं वाटावं म्हणून हातात दिला?" मी त्याला सांगितले की, खरंच मारला. त्याला पटले नाही. "माझं मन राखायलास तू," म्हणाला. मग म्हणाला, "पोलिसात असंच सांगशील?" मी सांगतो म्हणालो.

तरी लिहून घ्यावे की, बॉल मी पूर्ण जोराने मारला आणि गोल व्हावा म्हणूनच मारला. मुंजाजीशी माझे वैर नाही. त्याचा पाय घसरला नाही. त्याने तो बॉल अडवला.

वरील जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात एका जागी "बॉल हळू होता" असे आले होते, ते मी खोडून घेतले. आता तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. तो एकदा दवाखान्यात मुंजाजीलाही वाचून दाखवावा, एवढी विनंती आहे.

सही
चंद्रभान सटवाजी रेंगे