कावळा भिताडावरच हाय

उमा : आत्याबाई, दाराला कडी कामून लावली? भर दिवसा?

साखराबाई : बस तिथं. कोपऱ्यातच बस. केस वाळेपर्यंत बाहीर पाय टाकायचा न्हाई.

उमा : केस कवाचे वाळले. मी इथं नांदायला आले का कैदेत बसायला? एक कावळा काय डोक्यावर बसला, तुम्ही घर डोक्यावर घेतलंत.

साखराबाई : नाव नगं घेऊ त्याचं! अजून भिताडावरच हाय मुडदा. फटीतून बघितलं म्या. तुझीच वाट बघून राहिला.

उमा : माझी न्हाई, पाण्याची. तहानेला हाय त्यो. माझ्या काखेत टँकरची भरली घागर होती. तुम्ही तीन दिवस झाले पाखरांच्या पाण्याचं मातीचं परळ पालथं घालून ठेवलंत जास्वंदीखाली. रोज सकाळी तिथं पाणी प्यायची सवय लागलेली पाखरं, जातील कुठं? काल बुलबुल चुलीपाशी आला. चिमण्या नळाला चोची मारून राहिल्यात. नळाला! गावाचा जिल्हा झाला तवा दारात नळ आला, पाणी कुठं आलं त्यात?

साखराबाई : माणसी दोन घागरी मिळतात, त्यातलं पाखरांना वताय लागलीस तर आपण काय प्यावं? म्या म्हनलं ते चुकलं का?

उमा : त्या रांजणातलं न्हाई ठेवत मी. मपल्या वाटणीचा तांब्या ठेवते. तुमच्या लेकाला विचारा, त्यो काय आज घरी न्हाई, हापिसाचे टँकर मोजत गावोगाव हिंडतोय. बरं जाऊ द्या. डोक्यावरून आंघोळ घातलीत, मीठ-मिरच्या उतरवल्यात, चुलीत टाकल्यात. झालं की. काढा आता कडी.

साखराबाई : झालं न्हाई. अजून खबर यायची हाय.

उमा : कसली खबर? कुठून?

साखराबाई : रेणापूरहून.

उमा : माझ्या माहेराहून? आत्याबाई, इकडं बघा. माझ्या तोंडाकडं बघा. काय केलंत?

साखराबाई : करायचं असतं तेच केलं. गल्लीतला व्यंकटराव सातच्या गाडीनं रेणापूरला निघाला होता. त्याच्यापाशी निरोप धाडला.

उमा : काय म्हनून?

साखराबाई : उमा गेली म्हनून.

उमा : गेली म्हंजे?

साखराबाई : मेली म्हनून! वदवू नगं गं माझ्या तोंडून. कावळा डोक्यावर बसला की रक्ताच्या माणसाला खोटी खबर धाडावी लागती. ती माणसं रडली की मरण त्या रडण्यावर निघून जातं. आमच्यात रीतच हाय. अन् दोनच्या गाडीनं दुसरा निरोप धाडणारच हाय, की पोरगी सुखरूप हाय, घाबरू नका.

उमा : होळीला अप्पांना झटका आला होता. ठाऊक हाय ना? तुम्हीच आला होतात दवाखान्यात केळी घेऊन. डॉक्टर काय म्हनले तुमच्यासमोर?

साखराबाई : धक्का बसू देऊ नका म्हनले. हाव, ध्यानात हाय. म्या व्यंकटरावाला दहादा बजावलं. उमाच्या बापाला, ज्ञानोबाला नगं सांगू. इहीणबाईला सांग, न्हाईतर तिच्या थोरल्याला सांग.

उमा : थोरला तळ्याच्या दुष्काळी कामावर असतो, तांबडं फुटायला घर सोडतो. माय सहापासून विहिरीवर, पाण्याच्या रांगेत. आठाच्या ठोक्याला त्या घरात कोन असतं? सांगा की! कोन असतं?

साखराबाई : अगं माझ्या देवा.

उमा : अप्पा असतात. एकटे. ओट्यावर बसून.

साखराबाई : गप! ऐक. सातभाई पाखरं गलका करून राहिलेत. कोनतरी आलं. खबर आली गं उमा. माझा हात धर, माझ्यानं कडी निघंना.

पंचशीला : आत्या! अहो आत्या! दार लावून काय चाललंय? मी आहे, पंचशीला, शेजारची. ड्युटीवर निघाले होते, उमाचा आवाज ऐकून थांबले. भांडण झालं का?

उमा : ताई, आत या. लवकर या. ह्यांनी मला मारून टाकलं.

पंचशीला : काय?

साखराबाई : बोंबलू नगं. म्या सांगते. पहाटं हिच्या डोक्यावर कावळा बसला...

पंचशीला : पुढचं सांगू नका. माहेरी मयत कळवलीत. हो ना? आत्या, धन्य आहे तुमची! जित्या पोरीचं मरण कळवायचं, तेही तिच्या बापाला, ज्याचं काळीज आधीच फाटलंय! आमच्या आजोबांनी छप्पन सालीच असल्या रीतींना हात जोडले. तरी माझी आजी नव्वद वर्षं जगली. कावळे तिच्याही डोक्यावर बसलेच असतील की एखाद्या वेळी.

साखराबाई : तुमचं येगळं हाय, बाई.

पंचशीला : कावळ्याला ठाऊक असतं होय, कोणाचं डोकं कुठलं?

उमा : ताई, भांडू नका आता. काय करू ते सांगा. मी जाते रेणापूरला. चालत जाते.

पंचशीला : सात कोस? ह्या उन्हात? तू थांब. मी एक्स्चेंजमध्येच चालले ना. रेणापूरच्या पोस्टात फोन आहे, तिथल्या मास्तरांचा आवाज मी रोज ऐकते. लाईन लागली की पोस्टमनला तुमच्या घरी पळवते. उमा जिवंत आहे एवढंच सांगायचं. अर्धी सुट्टी टाकते अन् परत येते. तोवर दोघी एकमेकींचा जीव घेऊ नका.

उमा : लाईन लागंल ना?

पंचशीला : लागेल. न लागून सांगते कुणाला.

साखराबाई : गेली बाई. देव तिचं भलं करो. उमा, पाणी पी घोटभर. ओठ पांढरे पडलेत तुझे.

उमा : नगं मला तुमचं पाणी.

साखराबाई : शिव्या दे. पर पाणी पी.

उमा : तुम्हाला अप्पांची जराबी दया आली न्हाई?

साखराबाई : तुझी आली गं. लई आली, म्हनून बाकी काही सुचलं न्हाई. ऐकतीस का? बहात्तर साल. असाच दुष्काळ. शेषूचे बाप, तुझे सासरे, खडी फोडायच्या कामावर. दुपारचे डबक्यापाशी वाकले अन् कावळा पागोट्यावर येऊन बसला. घरी येऊन हसत हसत सांगितलं त्यांनी. म्या पाया पडले, म्हनलं तुमच्या बहिणीला खबर धाडू. तर म्हनले, माझ्या बहिणीला कशाला फुकट रडवतीस? न्हाई धाडली खबर. नवव्या दिवशी दरड खचली. शेषू धा वर्षाचा होता.

उमा : हे कवा सांगितलं न्हाई तुम्ही.

साखराबाई : काय सांगू? नऊ दिवस रोज सकाळी त्यांना कामावर जाताना बघायचे, अन् वाटायचं, आज. आज. तसं पुन्हा मोजायची ताकद न्हाई माझ्यात. म्या तुला घालून-पाडून बोलते. मिठावरून बोलते, परळावरून बोलते. पर तू गेलीस तर ह्या परक्या गावात माझ्याशी भांडायला तरी कोन हाय? भ्याले गं मी. भ्याले, अन् येड्यावानी करून बसले.

उमा : मी पण भ्याले. पर मला कावळ्याचं भ्या न्हाई, आत्याबाई. पावलाचं भ्या हाय. कोनाचं पाऊल वाजलं की वाटतं, अप्पांची खबर आली.

साखराबाई : पुन्हा ओरडले बघ सातभाई.

उमा : मांजर हाय. दिसतंय मला. व्हल्याच्या घरट्याखाली बसलंय. सगळी पाखरं चोच वासून बसल्यात सावलीला. उडायचं बळ न्हाई त्यांच्यात, नुसतं ओरडतात.

साखराबाई : अन् त्यो?

उमा : हाय. भिताडावरच हाय.

(दीड तासानं. तेच घर. दार आता सताड उघडं.)

उमा : ताई! लागला का फोन? असं कामून बघता? सांगा.

पंचशीला : दम घेऊ दे, सायकल दामटत आलेय. फोन लागला. मास्तरांनी पोस्टमनला लगेच पिटाळला. पण तुमच्या घराला कुलूप आहे.

उमा : कुलूप?

पंचशीला : शेजारच्या गौरम्मांनी सगळं पाहिलं. व्यंकटराव ओट्यापाशी आला, चपला घालूनच उभा राहिला, अन् सांगून मोकळा झाला. तुझे वडील ऐकत होते. नुसतं ‘बरं’ म्हणाले. मग आत गेले, एक पिशवी घेऊन बाहेर आले, कुलूप लावलं, अन् सडकेकडं निघाले.

साखराबाई : रडले का?

पंचशीला : आत्या!

साखराबाई : सांग गं, रडले का? एक तरी आसू?

पंचशीला : नाही रडले. गौरम्मा म्हणाल्या, माणूस दगडावानी झाला होता.

साखराबाई : मग टळलं न्हाई. उमा, आत हो! आत चल, कोपऱ्यात. टळलं न्हाई गं!

उमा : सोडा मला! दोनशिवाय गाडी न्हाई. म्हंजे अप्पा चालत निघालेत. डॉक्टरांनी जिना चढायचा न्हाई म्हनून सांगितलं त्यांना, अन् सात कोस, वैशाखात, मेलेल्या लेकीकडं! ताई, सायकल द्या. मी सडकेनं उलटी जाते. कुठंतरी सापडतील. कुठंतरी बसलेले असतील झाडाखाली.

पंचशीला : बस मागं, मी चालवते. पाणी घे बाटलीत. आत्या, रांजणातलं देता ना?

साखराबाई : सगळा रांजण न्या. म्या पण येते.

उमा : थांबा. सातभाई.

पंचशीला : मांजर असेल.

उमा : मांजर न्हाई. फाटक वाजलं.

ज्ञानोबा : इहीणबाई.

साखराबाई : आं... इवाई...

ज्ञानोबा : कुठं ठेवलीय उमीला?

उमा : अप्पा! अप्पा, मी हाय! मी हाय हो, इकडं बघा, हात लावून बघा!

ज्ञानोबा : हाव.

पंचशीला : काका, आधी खाली टेका. भिंतीला टेका. उमा, पदरानं वारा घाल. जिभेखालची गोळी असते ना खिशात?

ज्ञानोबा : खाल्ली. टँकरवर बसल्या-बसल्या खाल्ली. रिकामा टँकर येत होता इकडं भरायला. डायवरनं घेतलं वर.

उमा : अप्पा, काहीतरी बोला.

ज्ञानोबा : गरम हाय हात तुझा.

साखराबाई : इवाई, पाय धरते तुमचे. चप्पल काढा अन् मारा मला. हिच्या डोक्यावर कावळा बसला, म्हनून म्या...

ज्ञानोबा : वाटलंच होतं. वाटभर तेच म्हनत आलो. कावळा बसला असंल. कावळाच बसला असंल. टँकरच्या चाकासंगं तेवढंच एक म्हनत आलो.

साखराबाई : मग रडा की हो! एकडाव रडा माझ्यासाठी. तुम्ही रडल्याबिगर तिच्यावरचं जायचं न्हाई.

ज्ञानोबा : न्हाई, बाई.

साखराबाई : कामून?

ज्ञानोबा : रडलो असतो तर खरं झालं असतं. म्या रडलो न्हाई तोवर ती हाय, असं धरून बसलो होतो छातीत. आता हाय की समोर. आता कशाला रडू?

पंचशीला : आत्या, तुम्ही सकाळपासून डोळे सुजवून घेतलेत, ते काय आहे मग? तुम्ही तिच्या कोणीच नाही का? तेवढं पुरत नसेल तर तुमचा तो कावळा लई महाग आहे बाई.

उमा : अप्पा, मायला कळलं का?

ज्ञानोबा : न्हाई. विहिरीवरूनच सडक जाती. रांगेत उभी होती. पुढं चारच बायका राहिल्या होत्या. म्हनली, कुठं निघालात? म्हनलं, उमीला बघून येतो.

उमा : मग?

ज्ञानोबा : म्हनली, एवढ्या उन्हात? मग म्हनली, जाताच हाव तर सांगा तिला, पाखरांचं पाणी मोडू नगं म्हनावं. लई तहान हाय औंदा.

साखराबाई : असं म्हनली?

ज्ञानोबा : हाव. लहानपणापासून तिनंच सवय लावली हिला.

उमा : अन् पिशवीत काय हाय?

ज्ञानोबा : काही न्हाई.

उमा : बघू. अप्पा, सोडा की बंद. हे... हिरवं लुगडं?

साखराबाई : अगं बया. सवाष्णीला माहेरचं शेवटचं... झाका ते. झाका आधी!

ज्ञानोबा : तुझ्या मायच्या पेटीत होतं. घडी मोडली नव्हती. कावळा बसला असंल म्हनत होतो, पर घेतलं. रिकाम्या हातानं कसं यावं?

पंचशीला : काका, परत घेऊन जा ते. पेटीत ठेवा जसंच्या तसं.

ज्ञानोबा : उमीला बघायला जाताना लुगडं नेलं, अन् तसंच माघारी आणलं? का म्हनून इचारंल ती. म्या तिला काय सांगू?

उमा : मग मी नेसते.

साखराबाई : नगं! ते अंगाला लावू नगं!

उमा : माझ्या मायचं हाय ते, आत्याबाई. अप्पांनी उराशी धरून आणलंय. तुम्ही म्हनाल तर ठेवून देते, पर मग पेटी उघडली की रोज तुम्हीच भ्याल. नेसू का?

साखराबाई : मला नगं इचारू.

उमा : तुम्हालाच इचारते.

साखराबाई : नेस. पर आधी अप्पाला पाणी दे. अन् ते जास्वंदीखालचं परळ इकडं आण, म्याच भरते. कावळा अजून भिताडावरच हाय.