बाजारात तांबं बोंबललं

रुक्माबाई : बस तं खरी पोरी. यावर कोनाचाच विश्वास बसत नाही, तुहाही बसनार नाही. पन ह्या डोयानं पाह्यलं म्या. तुह्या सासूले कोनी काई सांगतलं नाही. माह्या सुनेनं, पुष्पा सिस्टरनं, तं नाहीच नाही.

वैष्णवी : आजी, सिस्टरले बलवा न. मले त्याइच्या तोंडून आइकायचं हाये. मंग मी डॉक्टरसाहेबाकडं तक्रार घेऊन जातो.

रुक्माबाई : आंग धुवून राह्यली थे, आताच ड्युटीवरून आली. तवरिक आइक. बोरी अरबच्या बाजारात वणीचा एक भंगारवाला आलता. वावरातल्या मोटरीचे तार चोरीले जाते का नाही, त्यातलं तांबं हुडकाचं यंत्र होतं त्याच्यापाशी. तुरीच्या काडीएवढं. पन तांबं गावलं का असं बोंबले! आंधी देवळाच्या घंटीवर बोंबललं. मंग तिथं उभ्या रामधनच्या पोटावर. लहानपनी तांब्याचा पैसा गिळलता त्यानं, थो निंगाला.

वैष्णवी : सासूबाईनं माहे पळायचे बूट कोठीत घालून कुलूप लावलं, आजी. पोलीस भरतीची तयारी बंद. उद्या मले माहेरी केळापूरले धाडून राह्यल्या. लेकरू पाहिजे नसन तं तिकडंच राहाय म्हणे. अन् तुमी मले रामधनचं पोट सांगता.

रुक्माबाई : तेच तं सांगून राह्यली. तुही सासू लीलाबाई तिथंच वांगे निवडत होती. तू मांगं पिशवी धरून, तुह्या ध्यानात नसन. यंत्र तुह्याकडं फिरलं अन् येवढं बोंबललं, येवढं बोंबललं का बैल दावं तोडून पयाला. भंगारवाला म्हने, ह्या पोरीच्या आंगात तांबं हाये. लीलाबाईनं त्याले झाडलं, गयातले मनी सोन्याचे, बांगड्या काचाच्या, तांबं आलं कुठून? थो बिचारा लाजून खाली पाहे. लीलाबाईच मंग समजली. म्हने, माही सून दवाखान्यातून तांबी बसवून आली. सांग, यात पुष्पाचा काय गुन्हा?

वैष्णवी : त्या बैलाचं काय झालं?

रुक्माबाई : कोनत्या?

वैष्णवी : दावं तोडलं त्याचं.

रुक्माबाई : अजून पयूनच राह्यला. दारव्ह्याच्या पुढं गेला म्हनते.

वैष्णवी : आजी, मी तांबी बसवलीच नाही.

रुक्माबाई : आं?

वैष्णवी : भेव वाटला मले. टेबलावरून उतरून गेली. मंग सिस्टरनं लेकरू न राहायची तीन महिन्याची सुई देल्ली. नवरा भेकड म्हणून हसन, म्हणून कपिललेही मी तांबीच सांगतलं. घरात भांडण झालं तवा त्याच्या तोंडून तेच निंगालं, शेजाऱ्यानं आइकलं, अन् गाव तांबी-तांबी करून राह्यलं. तुमीही तेच धरलं. पण सासूबाई पहिल्या दिवसापासून मले सुईवालीच म्हणते. सुई देणारीशिवाय सुईचं कोणाले माहीत होतं?

(न्हाणीतला पाण्याचा आवाज केव्हाचा थांबलेला. पुष्पा ओल्या केसांनी ओसरीवर येते.)

पुष्पा : आई, राहू द्या आता. म्याच सांगितलं.

वैष्णवी : कायले?

पुष्पा : लसीच्या दिवशी लीलाबाई अंगणवाडीत येऊन बसली. म्हणे, सुनेची कूस उजवत नाही, शनिवारी बाबाकडं नेतो, थो तापल्या सळईनं पोटावर डाग देते. मले राहवलं नाही वं. म्हटलं, डागबिग देऊ नका, पोरीत काही दोष नाही, तिनं सुई घेतली आहे. बोलून गेली अन् तिचं तोंड पाहिलं, तवा समजलं मले.

रुक्माबाई : पाह्य, तुह्या भल्यासाठीच तोंड उघडलं तिनं.

वैष्णवी : भलं झालं न. डाग वाचला.

पुष्पा : तक्रार करशील? कर. मी नाही म्हणणार नाही.

वैष्णवी : पुढची सुई सोमवारी हाये, सिस्टर. घरी राहो का माहेरी, मले ते घ्यायची हाये. अन् इकडच्या चार गावात तुमच्याबिगर सुई देणारं दुसरं कोणी नाही.